झोका सोडायची वेळ

समजा, पडद्यावरच्या एका खेळात तुम्ही एका आकड्याला लटकला आहात. आकडा अधांतरी आहे, तुमच्या हातात त्याचा दोर आहे आणि पायांखाली काहीच नाही. समोर लांबवर दुसरा आकडा दिसतो. तिथवर हात पोचत नाही, दोरही पोचत नाही. पोचायचं तर झोका घ्यावा लागणार. बोटाखालचं बटण दाबून धरलं आहे तोवर दोर तुमचा. बटण सोडलं की दोर सुटला. मागे-पुढे, मागे-पुढे करत झोका वाढवा. वाढला? आता सांगा, कधी सोडाल?

बहुतेक जण झोका पार टोकाला जाईपर्यंत थांबतात. तिथे क्षणभर सगळं स्थिर होतं, पुढचा आकडा जवळ आल्यासारखा वाटतो आणि मन म्हणतं, आत्ता. सोडलं की माणूस धोंड्यासारखा सरळ खाली. टोकाला उंची असते, पण वेग नसतो; होता तेवढा वेग उंची मिळवण्यात संपलेला असतो. सोडायचं त्याच्या आधी. झोक्याने तळ ओलांडला, वर चढायला लागला, अंगात अजून वेग आहे, तेव्हा. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा सोडावंसं अजिबात वाटत नाही.

ही गोष्ट ज्याची आहे त्याला हे सगळं तोंडपाठ होतं. मिठाची डबी दोऱ्याला बांधून बायकोने त्याला जेवणाच्या टेबलावर धडा दिला होता. एकदा तळाजवळ सोडून दाखवली तर डबी थेट कपाटावर जाऊन आदळली होती. त्याने मान डोलावली होती, मीठ भरलं होतं, आणि पुन्हा खेळायला बसल्यावर टोकाला जाऊन सोडलं होतं. पडद्यावरचा त्याचा निळ्या टोपीचा माणूस पुन्हा खाली गेला.

गंमत अशी, की दोराला लटकणं हाच त्याचा धंदा. उंच इमारतींच्या काचा तो बाहेरून पुसतो. गच्चीवरून दोन दोर खाली सोडलेले असतात. एक कामाचा, ज्यावर बसून उतरायचं. दुसरा जिवाचा, ज्याला ओझं द्यायचं नाही, पण पहिला दगा देईल तेव्हा तो धरतो. उजव्या हातात कामाच्या दोराची खालची बाजू असते. ती घट्ट धरली की माणूस जागच्या जागी थांबतो, ढिली केली की खाली सरकतो. डाव्या हातात वायपर. जागा बदलायची, गाठ हलवायची, काहीही करायचं तर आधी जोडीदाराला विचारायचं, "पक्का?" जोडीदार स्वतःचा दोर ओढून बघतो, तुझ्याकडे बघतो आणि मग म्हणतो, "पक्का." उत्तर आलं नाही तर बोटसुद्धा हलवायचं नाही. नवीन पकड बसल्याशिवाय जुनी सोडायची नाही, हा त्या कामाचा सगळ्यात वरचा नियम.

हा नियम त्याच्या हाडात मुरला होता. कामावर त्याला सगळे पक्केराव म्हणत. त्याचा जोडीदार म्हणजे मिशी. मिशीला मिशी का म्हणत हे तोंड बघितल्यावर कुणीही सांगितलं असतं. मिशी म्हणायचा, "हा जांभई द्यायच्या आधीसुद्धा विचारेल, पक्का?" घरी गॅस बंद केला तरी तो बायकोला विचारायचा. दोघं कुठे निघाली की कुलूप लावून दोनदा ओढायचा, चार पायऱ्या उतरून परत वर यायचा. बायको पायरीवर पिशवी टेकवून वाट बघायची. तिला सवय झाली होती.

बायको इस्पितळात टेलिफोनच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांना सांगायचं, थांबा, जोडते, लाइनवरच राहा. कुणाचा बाप आत आहे, कुणाचं बाळ. ज्याला त्याला घाई, आणि हिच्या हातात फक्त एक लाल दिवा आणि एक हिरवा. घरी आली की ती खेळायला बसायची. अडथळ्यांची ऑनलाइन शर्यत, आकड्यावरून आकड्यावर झोके घेत जायचं. तिथे तिला पाकोळी म्हणून ओळखत. न बघितलेली, न भेटलेली माणसं तिची शर्यत बघायला थांबायची. तिचा धाकटा भाऊ तिचा जोडीदार होता, आणि गेल्या वर्षी दोघं निवड फेरीत चुटकीच्या अंतराने हुकले होते. या वर्षी निवड झालीच पाहिजे, असं तिने मनाशी धरलं होतं, कारण पुढच्या वर्षापासून जोडीची शर्यतच बंद होणार होती. आणि नेमका भाऊ जहाजावर नोकरीला लागला. समुद्रात कुठलं इंटरनेट.

जोडीदार एकदा बदलता येत होता. तिने दोन दिवस खेळ उघडला नाही. तिसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही खेळाल?"

इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं त्याला आठवेना. तो हो म्हणाला. आपण काय कबूल केलं हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

एकट्याचे झोके त्याला हळूहळू जमायला लागले. टोकाच्या जरा आधी, मग अजून जरा आधी.  खरी फजिती शेवटच्या टप्प्यात होती. तिथे दोघांच्या कमरा एका दोरीने जोडलेल्या. एकाने आकडा धरायचा, दुसरा त्याच्या खाली लोंबकळतो. दोघांनी मिळून झोका वाढवायचा, आणि तो चढणीला लागला की वरच्याने आकडा सोडायचा. मग भिरकावलेली काठी जशी हवेत फिरते तशी जोडी फिरते. खालच्याचा वेग जास्त, तो पुढे जातो, पुढचा आकडा धरतो, आणि आता वरचा खाली लोंबकळतो. पुन्हा तेच. मधल्या त्या क्षणी दोघांपैकी कुणाच्याच हातात काही नसतं.

"सोडा," ती म्हणायची.

"थांब जरा."

"सोडा म्हणते ना."

"अगं, तू लटकलीयेस माझ्या खाली."

"अहो, मी इथे सोफ्यावर बसलीये. चहा पितीये."

"ते झालंच. पण आधी सांग, पक्का?"

"काय पक्का? धरायला काही आहे का मला? तुम्ही सोडल्याशिवाय मी धरू कशी?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. पण कामावर खाली माणूस लोंबकळत असताना वरच्याने हात सोडणं याला एकच शब्द होता, आणि तो शब्द त्यांच्या धंद्यात कुणी तोंडातून काढत नसे. पडद्यावरचा निळ्या टोपीचा माणूस आकडा धरून बसायचा, खाली लाल टोपीवाली झोके खायची, झोका हळूहळू मरायचा, आणि शेवटी दोघं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी शांत लटकायची. वेळ संपायची. ती चिडायची नाही. "पुन्हा," एवढंच म्हणायची. त्यानेच तो जास्त घाबरायचा.

मग त्याने स्वतःला शिकवायला घेतलं. दोराने तळ ओलांडला की मनात 'आता', आणि बोट वर. बसमध्ये मांडीवर बोट आपटत 'आता'. दाढी करताना 'आता'. निवड फेरीच्या आदल्या आठवड्यात तो जोडीच्या टप्प्यात पहिल्यांदा वेळेवर सुटला. ती सोफ्यावरून उठून उभी राहिली आणि परत बसली. त्या दिवशी भाजी करताना ती गुणगुणत होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी ते घडलं.

इमारतीच्या कोपऱ्यावरची काच सरळ दोरावरून पोचत नाही. भिंतीला पाय लावून स्वतःला बाजूला ढकलायचं, झोक्यात तिकडे जायचं, जाता जाता वायपर फिरवायचा, परत यायचं. हजारदा केलेलं काम. वारा थोडा होता. मिशी शेजारच्या दोरावर, जरा वरच्या बाजूला. त्याने पाय लावले, ढकललं, गेला, पुसली, परत आला, पुन्हा ढकललं. दोराने तळ ओलांडला, चढणीला लागला.

आणि त्याचा उजवा हात उघडला.

 काच, आकाश, काच. मग पाठीत कुणीतरी लाथ घातल्यासारखा हिसका बसला आणि तो थांबला. जिवाच्या दोराने धरलं होतं. वायपर मनगटाच्या दोरीला बांधलेला, तो टकटक करत काचेवर आपटत होता. काचेच्या आतून एक बाई हातातला कप तसाच धरून त्याच्याकडे बघत होती.

"पक्का?" वरून मिशीचा आवाज आला. त्यात थट्टा नव्हती.

त्याने दोन्ही हातांनी दोर धरला. 

खाली उतरल्यावर मिशीने त्याच्या खांद्या-कमरेचा, दोर अडकवायचा पट्टा स्वतःच्या हाताने सोडला. दोर वीत वीत करून तपासला. दोराला काही झालं नव्हतं.

"हात सुटला कसा?"

"सुटला नाही," तो म्हणाला. "मी सोडला."

"का?"

"झोका वर चढत होता."

 मग त्याने मिशीला सगळं सांगितलं. खेळ, आकडे, बायको, निवड फेरी. मिशी हसेल असं त्याला वाटलं होतं. मिशी हसला नाही. "मी तुझ्या शेजारी लटकतो, बाबा," तो म्हणाला. "घरी काय वाटेल ते सोड. पण हा हात मला परत पक्का करून दाखवेपर्यंत तू गच्चीवर यायचं नाहीस. साहेबांना झालं ते मी सांगतोय."

घरी त्याने काही सांगितलं नाही. पण शर्ट काढताना खांद्यावरचा पट्ट्याचा वळ बायकोला दिसला. तीन बोटं रुंद, जांभळा. तिने बोट लावलं नाही, नुसतं बघितलं.

"हे कशाने?"

थाप मारायला त्याची जीभ वळेना. त्याने सांगितलं. ती ऐकत असताना तिचा चेहरा टेलिफोनच्या खिडकीवर असतो तसा झाला असावा. काही न दाखवणारा. ऐकून झाल्यावर ती उठली, दोन्ही कंट्रोलर उचलले, वायरी गुंडाळल्या, खणात ठेवले आणि खण बंद केला.

"झालं. संपला खेळ."

"अगं, रविवारी फेरी आहे."

"असू दे."

"पुढच्या वर्षी बंद होणार."

"होऊ दे." मग स्वयंपाकघरातून, पाठ करून, "तुम्हाला विचारायलाच नको होतं मी."

त्याला पट्ट्याच्या वळापेक्षा हे जास्त लागलं. ती रुसली असती, भांडली असती तर त्याने निभावून नेलं असतं. पण तिने वर्षभर जपलेली गोष्ट खणात टाकली होती, आणि खण किती अलगद बंद झाला हे त्याने ऐकलं होतं.

सकाळी खालच्या आवारात वायपर धुताना तो स्वतःच्या हातांकडे बघत बसला. डाव्या मनगटाला दोरी होती. का? तर डावा हात दिवसभर वायपर सोडतो. साबण घेताना सोडतो, घाम पुसताना सोडतो, कंटाळा आला तरी सोडतो. डाव्याला सोडायची मुभा आहे. उजव्याला नाही. आणि खेळात दोर सोडायचं बटण होतं उजव्या बोटाखाली. त्याने चोराच्या हाती किल्ली दिली नव्हती. राखणदाराला चोरी शिकवली होती.

त्या संध्याकाळी त्याने खण उघडला. "बटणं बदलता येतात का?" त्याने विचारलं. "झोका उजव्याने, सोडणं डाव्याने."

"कशाला?"

"उजव्याला यातलं काही कळूच द्यायचं नाही."

तिने खणातल्या गुंडाळलेल्या वायरींकडे बघितलं. मग म्हणाली, "बदलते, पण रोज मिशीभाऊंना हात दाखवा. ते नाही म्हणाले त्या दिवशी बंद."

मिशीने त्याला आवारातल्या बुटक्या भिंतीवर टांगलं, पाय जमिनीला टेकतील एवढ्यावर, आणि झोके घ्यायला लावले. सकाळी झोके, दुपारी झोके. मध्येच शिट्टी मारायचा, मध्येच ओरडायचा, एकदा तर मागून बादलीभर पाणी फेकलं. घरी संध्याकाळी डाव्याने सोडून आलेला माणूस इथे उजवा सोडतो का, हे तो रोज नव्याने बघत होता. उजवा हात उघडला नाही. एकदाही नाही. शनिवारी मिशीने मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सोमवारी ये वर. आणि उद्या हरलास तर माझ्या नावावर ढकलू नकोस."

पण डावा हात नवखा होता. जे उजव्याला जमायला महिना लागला ते डाव्याला चार संध्याकाळी शिकायचं होतं.

रविवारी दुपारी पडदे ओढून दोघं बसली. तीन प्रयत्न मिळणार होते. पहिल्यात तो एकट्याच्या झोक्यांतच पडला. डावं बोट टोकापर्यंत थांबलं, जुन्या खोडीने. दुसऱ्यात जोडीच्या टप्प्यापर्यंत पोचले. ती खाली लोंबकळली, झोका वाढला, ती म्हणाली "सोडा", तो म्हणाला "पक्का?", आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात वेळ गेली.

तिने ओढणीला तळहात पुसले. "आता मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही विचारायचं नाही."

तिसरा प्रयत्न सुरू झाला. खोलीत फक्त बटणांचा आवाज. एकट्याचे आकडे मागे पडले. दोरी कमरेला लागली. पहिल्या आकड्यावर तो वर, ती खाली. तळ, चढण. त्याच्या तोंडात प्रश्न आला, त्याने तो गिळला आणि डावं बोट उचललं. काठी फिरली. तिने धरलं. मग तिने सोडलं, त्याने धरलं. पुन्हा त्याने सोडलं.

शेवटच्या आधीचा आकडा हलता होता. तिने दोर टाकला आणि तो हुकला.

इतक्या दिवसांत ती कधी हुकली नव्हती. आता दोघांच्या हातात काही नव्हतं आणि धरायची पाळी जिची, तिचे हात रिकामे होते. जोडी खाली वळायला लागली. वळता वळता काठी फिरली आणि निळी टोपी वर आली. धरणं त्याला कुणी शिकवायला लागत नव्हतं. त्याने दोर टाकला, आकडा लागला, हिसका बसला. ती त्याच्या खाली जोरात पुढे गेली, आणि त्याच झोक्यात सोडायला हवं होतं, नवा झोका बांधायला वेळच नव्हता. पुढे फक्त शेवटचा चौथरा. 

"सोड रे," ती ओरडली.

लाल टोपी चौथऱ्यावर आपटली. मागून दोरीने ओढली गेलेली निळी टोपी फरफटत तिच्यावर येऊन पडली. पडद्यावर वेळ आली, मग यादी. दोघं यादी वरून खाली वाचत गेली. निवडलेल्यांत सगळ्यात तळाशी पाकोळी होती, आणि तिच्याशेजारी त्याचं नाव, जे तिनेच घातलं होतं: पक्केराव.

 मग कंट्रोलर मांडीवर ठेवून तिने तोंड ओंजळीत घेतलं. रडते की हसते हे त्याला कळेना, म्हणून त्याने पाणी आणून दिलं.

"मला अरेतुरे केलंस," तो म्हणाला.

"केलं. पुन्हा करीन. अजून अंतिम फेरी आहे." पाणी पिऊन तिने पेला त्याच्याकडे दिला.

"तू हुकलीस तेव्हा मला वाटलं, गेलो आपण. तू घाबरली नाहीस? काहीच नव्हतं धरायला."

"मला सवय आहे."

"एवढी वर्षं खेळतेस म्हणून?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी दार ओढून घेता ना, त्याची."

ते तिने इतकं साधेपणाने म्हटलं, की त्याला वाटलं पुढे काही असेल. काही नव्हतं. ती उठून पडदे सरकवायला गेली.

सोमवारी त्याने नुसतं दार ओढून घेतलं; ती अजून आतच होती, थोड्या वेळाने कामाला निघणार होती. पायऱ्या उतरून तो एकदा थांबला, वर बघितलं, आणि तसाच गेला. गच्चीवर मिशीने त्याचा पट्टा नेहमीपेक्षा जास्त वेळ तपासला. दोघं कठड्यावरून बाहेर झाले.

"पक्का?" मिशीने विचारलं.

त्याने कामाचा दोर ओढला, जिवाचा दोर ओढला, उजव्या हाताकडे बघितलं. "पक्का."

इथून, छपरांच्या पलीकडे, इस्पितळाची पांढरी इमारत दिसत होती. तिच्या खालच्या मजल्यावर कुठेतरी टेलिफोनची खिडकी होती, आणि तिथे ती कुणालातरी सांगत असेल, थांबा, लाइनवरच राहा. त्याच्या हातात दोर होता, शेजारी मिशी होता, दर हालचालीआधी विचारणारं माणूस होतं. सकाळी दार ओढून घेतल्यापासून संध्याकाळी त्याची पावलं जिन्यात वाजेपर्यंत, ती कशाला धरून असते?